व्हेल शार्कच्या पाठीवरील तारे

समुद्रातील सर्वांत मोठा मासा कोणता, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत विचारला, की बरेच विद्यार्थी 'देवमासा' असे उत्तर लिहितात आणि एक गुण गमावतात. देवमासा म्हणजे व्हेल हा मासा नव्हेच. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. खऱ्या अर्थाने सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असले तरी तो जातीने शार्क आहे. त्याला कल्ले असतात, त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो आणि त्याच्या शेपटीचा पर उभा असतो. देवमाशाची शेपटी आडवी असते. ही एक खूण लक्षात ठेवली, तर दुरूनही दोघांत गल्लत होणार नाही.

व्हेल शार्कची लांबी १८ मीटरपर्यंत भरल्याची नोंद आहे. म्हणजे एस. टी.च्या दीड गाडीइतका लांब मासा! जबडा मीटरभराहून रुंद. पण एवढ्या प्रचंड जबड्यातील दात इतके बारीक, की त्यांचा चावण्यासाठी काहीच उपयोग नाही. तोंड उघडून तो पाणी आत घेतो आणि त्यातील प्लवक, माशांची अंडी, लहान मासे कल्ल्यांजवळच्या गाळणीत अडकवून पाणी बाहेर सोडतो. माणसाला त्याच्यापासून भय नाही. म्हणूनच जगातील अनेक समुद्रांत पाणबुडे त्याच्या शेजारून पोहतात, त्याची छायाचित्रे घेतात.

आता प्रश्न असा, की अशा छायाचित्रांचा शास्त्रज्ञांना काय उपयोग? एक मासा दुसऱ्यासारखाच दिसतो. काल पाहिलेला व्हेल शार्क आणि आज पाहिलेला व्हेल शार्क एकच की वेगवेगळे, हे कसे कळणार? आणि हे कळले नाही, तर जगात किंवा एखाद्या किनाऱ्यावर असे मासे किती उरले आहेत, हे तरी कसे मोजणार? या प्रश्नाचे उत्तर शोधताना सागरविज्ञानाला मदत मिळाली ती चक्क खगोलशास्त्राची. ती कशी, हे पाहण्याआधी पाणबुड्याबरोबर आपणही थोडे पाण्यात उतरू.

पाठीवरची हवा

पूर्वी पाणबुड्याला जहाजावरून नळीने हवा पुरवावी लागे. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनिअर या दोघांनी एक झडप तयार केली. पाठीवरच्या टाकीत दाबून भरलेली हवा ही झडप पाणबुड्याला हवी तेव्हा, हवी तेवढी आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने पुरवते. या साधनाने पाणबुड्या जहाजाच्या नळीपासून मुक्त झाला. अशा स्वयंपूर्ण साधनास आज 'स्कूबा' म्हणतात.

हवा पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने का द्यावी लागते? समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर १ वातावरण, १० मीटरवर २, २० मीटरवर ३ आणि ३० मीटरवर ४. एवढ्या दाबाखाली छातीचा भाता फुगवून साध्या दाबाची हवा आत ओढणे माणसाच्या स्नायूंना जमत नाही.

आता बॉईलचा नियम आठवा. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला, की वायूचे आकारमान निम्मे होते. याचे दोन परिणाम पाणबुड्याने कधीच विसरायचे नसतात.

पहिला परिणाम टाकीविषयी. समजा, टाकीची धारणा १२ लिटर आहे आणि तीत २०० वातावरण दाबाने हवा भरली आहे. म्हणजे पृष्ठभागावरच्या मापाने हवा झाली १२ × २०० = २४०० लिटर. ५० वातावरण दाबाची हवा अडीअडचणीसाठी राखून ठेवली, तर वापरायला उरली १२ × १५० = १८०० लिटर. पाणबुड्या मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरू. पृष्ठभागावर ही हवा ९० मिनिटे पुरेल. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा मावते, म्हणून ती ४५ मिनिटेच पुरेल. ३० मीटरवर तर जेमतेम २२ मिनिटे!

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. १० मीटरवर छाती भरून ६ लिटर हवा घेतली आणि श्वास रोखून वर आले, तर तीच हवा १२ लिटर जागा मागू लागते. फुप्फुसांत एवढी जागा नसते, ती फाटतात. म्हणून स्कूबाचा पहिला धडा असतो : श्वास कधीही रोखू नका.

येथे कोणी विचारील, देवमासा तर श्वास रोखूनच बुडी मारतो, त्याची फुप्फुसे कशी फाटत नाहीत? कारण त्याने हवा घेतलेली असते ती पृष्ठभागावर. खाली जाताना ती आकसते आणि वर येताना फुगून मूळच्या आकारमानाइतकीच होते, अधिक नाही. व्हेल शार्कला तर हा प्रश्नच नाही. तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांनी घेतो. त्याच्या शरीरात हवेचा वाताशयही नसतो. तरंगण्याचे काम बरेचसे त्याच्या तेलकट, मोठ्या यकृतावर भागते. दाबामुळे आकसेल अशी हवेची पोकळीच नसल्याने तो १९०० मीटरहूनही खोल जाऊ शकतो, हे त्याच्या अंगावर बसवलेल्या नोंदणी यंत्रांनी दाखवून दिले आहे. तेथे दाब किती असेल, हे तुम्हीच काढा.

हौशी पाणबुड्यांची मर्यादा मात्र ४० मीटरची. शिवाय दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत अधिक विरघळतो. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच झटकन काढले, की जसे बुडबुडे फसफसतात, तसेच घाईने वर येणाऱ्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, लकवा होऊ शकतो, प्राणही जातो. म्हणून मिनिटाला सुमारे ९ मीटर अशा संथ गतीने वर यायचे आणि ५ मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबायचे, अशी रीत आहे. व्हेल शार्क शेपटीच्या चार फटकाऱ्यांत खोल अंधारात दिसेनासा होतो. त्याच्या मागे जाण्याचा मोह अनुभवी पाणबुड्यालाही होतो. तो आवरणे ही त्या विद्येतली खरी परीक्षा होय.

डोळे फसवतात, प्रकाश फसवत नाही

भित्यापाठी ब्रह्मराक्षस असे आपण म्हणतो. पाण्याखाली मात्र धीट माणसालाही मासा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो आणि याचे कारण भीती नसून अपवर्तन आहे. पाणबुड्याच्या डोळ्यांपुढे सपाट काच आणि काचेमागे हवा असते. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३ आहे. पाण्यातून हवेत शिरताना किरण वाकतात आणि वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर आहे असा भास होतो. ४ मीटरवरचा मासा ३ मीटरवर असल्यासारखा वाटतो आणि म्हणून सुमारे एक-तृतीयांशाने मोठाही भासतो. ६ मीटरचा मासा पाहून आलेला पाणबुड्या 'आठ मीटरचा होता' असे सांगू लागला, तर तो खोटे बोलत असतो असे नव्हे.

मग लांबी मोजायची कशी? मोझांबिकच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी एक साधी युक्ती वापरली. कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना एकमेकांना समांतर असे दोन लेसर बसवायचे, त्यांच्यातील अंतर ५० सेंमी. किरण समांतर असल्यामुळे मासा जवळ असो वा दूर, त्याच्या अंगावर पडणारे दोन प्रकाशबिंदू ५० सेंमी अंतरावरच राहतात. छायाचित्रात हे बिंदू २ सेंमी अंतरावर आले आणि शेवटच्या कल्ल्यापासून पाठीवरच्या पराच्या मुळापर्यंतचे अंतर ५.६ सेंमी भरले, तर खरे अंतर झाले ५.६ ÷ २ × ५० = १४० सेंमी. या अंतरावरून प्रमाणाने माशाची एकूण लांबी काढता येते. माशाला हात न लावता, त्याला पाण्याबाहेर न काढता केलेले हे मोजमाप!

ठिपके आणि त्रिकोण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्हेल शार्कच्या काळपट करड्या पाठीवर पांढरट ठिपके आणि रेषा असतात. माणसाच्या बोटांचे ठसे जसे एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, तशीच ही ठिपक्यांची रांगोळी प्रत्येक माशाची वेगळी असते आणि वर्षानुवर्षे कायम राहते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील निंगालू येथे ब्रॅड नॉर्मन हे सागरी जीवशास्त्रज्ञ १९९५ पासून अशी छायाचित्रे जमवीत होते. छायाचित्रे शंभर असेपर्यंत डोळ्यांनी जुळवाजुळव करता आली. ती हजारांच्या घरात गेली, तेव्हा काय करायचे?

संगणकतज्ज्ञ जेसन होल्मबर्ग आणि खगोलशास्त्रज्ञ झावेन अर्झुमानियन यांच्या साहाय्याने नॉर्मन यांना वाट सापडली. काळ्या आकाशात पांढरे तारे आणि काळपट पाठीवर पांढरे ठिपके. गणिताच्या दृष्टीने फरक काय? आकाशाची दोन छायाचित्रे वेगवेगळ्या दुर्बिणींनी, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली असली, तरी त्यांतील तारे तेच आहेत हे ओळखण्याची एक पद्धत एडवर्ड ग्रोथ या शास्त्रज्ञाने १९८६ साली मांडली होती. ती पद्धत थोडे बदल करून माशांना लावण्यात आली आणि २००५ साली हे काम प्रसिद्ध झाले.

या पद्धतीचा गाभा तुमच्या भूमितीच्या पुस्तकातच आहे. तीन ठिपके जोडले की त्रिकोण होतो. समजा, एका त्रिकोणाच्या बाजू १०, ८ आणि ५ मिलिमीटर आहेत. तोच मासा दुप्पट अंतरावरून टिपला, तर छायाचित्रातील बाजू ५, ४ आणि २.५ मिलिमीटर होतील. लांबी बदलली, पण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान बाजूंचे गुणोत्तर दोन्हीकडे २ च राहिले. कोनही तेच राहिले. म्हणजे हे त्रिकोण समरूप आहेत. कॅमेरा तिरका धरून चित्र फिरले, तरी समरूपता मोडत नाही.

एखादा त्रिकोण योगायोगाने दुसऱ्या माशाच्या त्रिकोणाशी जुळू शकेल. पण n ठिपक्यांपासून n(n − १)(n − २) ÷ ६ इतके त्रिकोण होतात. १५ ठिपके घेतले, तर ४५५ त्रिकोण! त्यांतील बरेचसे एकाच प्रमाणात आणि एकाच दिशेने फिरून जुळू लागले, तर तो योगायोग नसतो. मासा तोच असतो. अंतिम निर्णय मात्र संगणकाने सुचविलेल्या जोड्या डोळ्यांनी तपासून माणूसच देतो.

एक अट आहे. छायाचित्र माशाच्या अंगाला शक्यतो काटकोनातून घेतले पाहिजे. पुढून किंवा मागून तिरके घेतले, तर एकाच दिशेचे अंतर आखडते आणि त्रिकोण समरूप राहत नाहीत. म्हणून पाणबुड्यांना सांगितले जाते : कल्ल्यांच्या मागचा, छातीच्या पराच्या वरचा भाग टिपा आणि शक्यतो डावी बाजू टिपा. डाव्या आणि उजव्या बाजूंची नक्षी वेगळी असते. सर्वांनी एकच बाजू टिपली तरच तुलना होते.

छायाचित्रांतून काय कळले?

सुटीत समुद्रात उतरलेले शिक्षक, विद्यार्थी, मार्गदर्शक, नावाडी अशा हजारो सामान्य माणसांनी आपापली छायाचित्रे या संग्रहाकडे पाठविली. १९९२ ते २०१४ या काळातील नोंदींचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. ५४ देशांतून आलेल्या सुमारे ३०,००० नोंदींतून ६,००० हून अधिक व्हेल शार्क वेगवेगळे ओळखता आले होते. बहुतेक किनाऱ्यांजवळ जमणारे मासे हे वयात न आलेले नर असतात, असेही दिसून आले. मोठ्या माद्या क्वचित दिसतात. पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डार्विन बेटाजवळ मात्र, जोरदार प्रवाहात उतरणाऱ्या पाणबुड्यांना दहा मीटरहून मोठ्या माद्या भेटतात. त्या पिले कोठे देतात, हे अजून कोडेच आहे. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिले सापडली होती.

या माशाचे आयुष्य दीर्घ असते. १९५० ते १९६० च्या दशकांतील अणुस्फोट चाचण्यांमुळे वातावरणात आणि समुद्रात किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण वाढले. त्याची खूण माशांच्या मणक्यांतील वलयांत उमटलेली आहे. तिच्या आधारे २०२० साली एका व्हेल शार्कचे वय ५० वर्षे ठरविण्यात आले. हळूहळू वाढणारा, उशिरा वयात येणारा प्राणी संख्येने घटला, तर ती भर लवकर निघत नाही. २०१६ पासून व्हेल शार्कची गणना जगातील धोक्यात आलेल्या जातींत होते. पृष्ठभागाजवळ संथ पोहण्याची सवय त्याला जहाजांच्या वाटेत आणते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तो जेथे वावरतो त्या क्षेत्राचा बहुतांश भाग मोठ्या जहाजांच्या मार्गांत येतो असे दिसले.

पाहुण्याने कसे वागावे?

ज्यांच्या छायाचित्रांनी एवढे ज्ञान मिळाले, तेच पाणबुडे संख्येने वाढले तर माशाला त्रास देऊ शकतात. निंगालू येथे म्हणून कडक नियम आहेत. एका वेळी दहाच माणसांनी पाण्यात उतरायचे. माशाच्या डोक्यापासून आणि अंगापासून ३ मीटर, तर शेपटीपासून ४ मीटर दूर राहायचे. स्पर्श करायचा नाही, वाट अडवायची नाही, झगझगीत दिवा चमकवायचा नाही.

याउलट फिलिपाइन्समधील ओस्लोब या गावी २०११ पासून पर्यटकांसाठी माशांना कोळंबी चारली जाऊ लागली. गावाला उत्पन्न मिळाले, हे खरे. पण काही मासे नेहमीच्या भ्रमंतीऐवजी महिनोन्महिने तेथेच रेंगाळू लागले, होड्यांजवळ येऊ लागले आणि त्यांच्या अंगावर जखमांचे वण अधिक दिसू लागले. प्राण्याला आपल्याकडे बोलावणे आणि आपण त्याच्याकडे जाणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आपल्या किनाऱ्यावर

व्हेल शार्क हा परदेशी पाहुणा नाही. तो अरबी समुद्रात येतो. गुजरातेत वेरावळ परिसरात १९९० च्या दशकात त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होई. मांस निर्यात होई आणि यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावले जाई. माइक पांडे यांच्या माहितीपटाने २००० साली या शिकारीचे दर्शन घडविले. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला.

कायदा झाला, पण जाळ्यात सापडलेला मासा सोडायचा तर हजारो रुपयांचे जाळे कापावे लागते. कोळ्याने ते नुकसान का सोसावे? २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरात वनखाते यांनी गावोगाव मोहीम काढली. कथाकार मोरारीबापूंनी या माशाला 'व्हाली' म्हणजे लाडकी म्हटले आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली. माहेरवाशिणीला कोणी मारते का? शासनाने जाळ्याची भरपाई देऊ केली. पुढे सुटकेचे छायाचित्र कोळ्यांनीच काढावे, म्हणजे अधिकारी येईपर्यंत माशाला अडकवून ठेवावे लागणार नाही, अशी सोय झाली. आजवर शेकडो व्हेल शार्क गुजरातच्या कोळ्यांनी स्वतः जाळी कापून सोडून दिले आहेत. महाराष्ट्रातही संरक्षित सागरी प्राण्यांना सोडणाऱ्या मच्छीमारांना भरपाई देण्याची योजना २०१८ च्या अखेरीस जाहीर झाली.

समुद्रात उतरणारा पाणबुड्या, आकाश पाहणारा खगोलशास्त्रज्ञ आणि जाळे कापणारा कोळी हे तिघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. तरी एका माशाच्या जगण्यात तिघांचाही वाटा आहे.

करून पहा

१. आलेखकागदावर सहा ठिपके मनाला येतील तसे काढा. दुसऱ्या कागदावर तीच आकृती दुप्पट मापाने काढा. सहा ठिपक्यांचे २० त्रिकोण होतात. त्यांपैकी पाच निवडून दोन्ही कागदांवर मोठ्या व लहान बाजूंचे गुणोत्तर काढा. मग कागद डोळ्यांसमोर तिरका धरा आणि आकृती कशी आखडते ते पहा.

२. डब्यात न मोजता बरेच चिंचोके घ्या. त्यांतील ४० काढून त्यांवर खडूची खूण करा, परत टाका आणि डबा चांगला हलवा. आता न पाहता ३० चिंचोके काढा. त्यांत खुणेचे १२ निघाले, तर एकूण चिंचोके सुमारे ४० × ३० ÷ १२ = १००. आपले उत्तर प्रत्यक्ष मोजून पडताळा. ठिपक्यांवरून ओळखलेल्या माशांची गणती याच तत्त्वावर होते. मात्र डब्यातून चिंचोके मध्येच बाहेर जात नाहीत, मासे मात्र ये-जा करतात. त्यामुळे हिशेबात कोणती चूक येईल?

विचार करा

१. १९०० मीटर खोलीवर एकूण दाब किती वातावरण असेल?

२. पाण्याखाली ३ मीटरवर दिसणारा मासा प्रत्यक्षात किती अंतरावर असतो? अंतराचा नियम पाळणाऱ्या पाणबुड्याला हा दृष्टिभ्रम उपकारक की अपायकारक?

३. २० ठिपक्यांपासून किती त्रिकोण तयार होतील?